भाकड गाईचा हिशेब: सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग म्हणजे बेताचा पाऊस, उन्हाळ्यात टँकर आणि घरटी दोन-चार संकरित गाई. शेतीनं दगा दिला तरी दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, यावर इथली घरं उभी आहेत. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे त्याची ओळख लपवली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तात्या म्हणू. त्यांचा मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो आणि सूनबाई गोठ्याचा हिशेब ठेवते. गाई तिच्या नावावर आहेत, कारण दुधाचं बँक खातं तिचं आहे. पुढं या एका गोष्टीनं बरंच काही ठरवलं.

मी त्यांचा पशुवैद्यक. बारा वर्षं त्या गोठ्यात जातो. म्हणजे मी यात तिऱ्हाईत नाही, आणि एक चूक माझ्या पदरातही आहे.

२०२५ च्या जूनमध्ये दावणीला चौदा जनावरं होती. सात दुभत्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, दोन आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी दूध थांबवलेल्या गाभण, तीन भाकड आणि दोन गोऱ्हे. कालवड एकही नाही. दोन कालवडी २०२२ च्या लम्पीत गेल्या, आणि त्यानंतर घरात जे जन्मलं ते बहुतेक नर. बैलजोडी ट्रॅक्टर आल्यावर विकलेली.

त्या काळात घरचा भाकडांचा हिशेब साधा होता. सहा-सात वेतं झाली, कास बिघडली किंवा गाय सारखी उलटायला लागली, म्हणजे भरवूनही गाभण राहीना, की मालेगावकडच्या शेखभाईंना फोन जायचा. शेखभाई (नाव बदललं आहे) वीसेक वर्षांपासूनचे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. येऊन गाय बघायचे, विसार द्यायचे, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवायचे. २०२१ साली अशाच एका गाईचे १८ हजार आले होते. त्यात थोडी भर घालून तात्यांनी पहिलारू कालवड आणली. गाय पुढं कुठं जाते, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. दुधाच्या धंद्याचा हा पाय सगळ्यांना ठाऊक होता, पण प्रकल्प अहवालात मात्र तो कधी दिसला नाही. बँकेच्या कागदात गाय ‘विकली’ एवढंच असतं.

कायद्याची बाजू इथंच सांगून टाकतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि वळू-बैलही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कत्तलीसाठी विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर नेणं हेही गुन्ह्यात येतं. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं परराज्यातून आलेलं मांस बाळगण्यावरची बंदी आणि आरोपीनंच निर्दोषत्व सिद्ध करावं हे कलम रद्द केलं, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हैस या बंदीत नाही. तिला तपासणी आणि दाखला लागतो, पण वाट कायदेशीर आहे. भारतातून जे ‘बीफ’ निर्यात होतं ते याच म्हशीचं, हाडाविना, गोठवलेलं. २०२३-२४ मध्ये ही निर्यात सुमारे ३.७४ अब्ज डॉलरची होती. म्हणजे एकाच गोठ्यात शेजारी शेजारी बांधलेल्या दोन जनावरांपैकी म्हशीच्या म्हातारपणाला जगाच्या बाजारात भाव आहे आणि गाईच्या म्हातारपणाचा खर्च मालकाच्या खिशातून.

अडचण

शेखभाईंनी यायचं थांबवलं, तिथून गोष्ट सुरू होते. बकरी ईदच्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नयेत असं पत्र राज्याच्या गोसेवा आयोगानं मे महिन्यात काढलं. टीका झाल्यावर ते मागं घेतलं गेलं, तोवर बाजारात व्हायचा तो गोंधळ झालाच. जुलैमध्ये जनावरांच्या आणि मांसाच्या व्यापारातल्या कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदीच बंद केली. रस्त्यात गाड्या अडवतात, कागद असूनही मारहाण होते, ही त्यांची तक्रार. तात्यांनी फोन लावला तेव्हा मी गोठ्यातच होतो. स्पीकर चालू होता.

“तात्या, गाय सोडा, मी म्हशीबी भरत नाही आता,” शेखभाई म्हणाले. “दाखला हाय, पावती हाय, तरी गाडी रात्रभर उभी. जनावरं उतरवून घेत्यात, मंग सोडवायला कोर्ट. दोन पोरं हायेत माझी, त्यांना कशाला या भानगडीत घालू?”

तात्या बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग म्हणाले, “माणूस खोटं नाय बोलत.”

सूनबाईनं वही काढली. सात गाईंचं रोजचं ८४ लिटर दूध, ३२ रुपयांनी २,६८८. त्यांचाच चारा, सरकी पेंड, मुरघास, औषधं, वीज वजा जाता ७४० च्या आसपास. घरच्यांची मजुरी धरलीच नव्हती, धरवत नाही. आटवलेल्या दोन गाईंना दिवसाचे ३००. त्यांना इलाज नाही, त्या वेणार आहेत. तीन भाकडांना १३० प्रमाणे ३९० आणि दोन गोऱ्ह्यांना मिळून ६०. बेरीज ७५०.

“दहा रुपये अंगावर,” ती म्हणाली. “रोज.”

तीन भाकडांची ओळख करून देतो. ‘मोरी’ चौथ्या वेताची, चौदा महिने उलटत होती. ‘चांदी’ला फेब्रुवारीत वेल्यावर दगडी (कासेचा दाह) झाली आणि दोन सड गेले. ‘थोरली’ आठ वेतांची. तिच्यावर हा गोठा उभा राहिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. संप मिटेल, शेखभाई येतील. तात्यांचा कल इकडं होता. २०१७ मध्ये केंद्रानं बाजारात कत्तलीसाठी जनावर विकण्यावर बंधनं आणली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती अडली, बाजार पुन्हा भरले. २०२२ मध्ये लम्पीसाठी बाजार बंद झाले, तेही उघडले. त्यांच्या अनुभवात प्रत्येक बंदीला शेवट होता. मला वाटलं की या वेळी फरक आहे. या वेळी बंदी हुकमाची नव्हती, घेणाराच उठून गेला होता, आणि हुकूम मागं घेतल्यानं तो परत येतोच असं नाही.

दुसरा पर्याय गोशाळेचा. नाशिकजवळच्या एका गोशाळेत मी स्वतः मुलाबरोबर गेलो. तिथले व्यवस्थापक सरळ बोलले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यानं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळांना दर गाईमागं रोज ५० रुपयांची योजना आणली, पण ती देशी गाईंसाठी. एचएफला त्यातलं काही नाही. “खाती दुप्पट, मिळतं शून्य,” ते म्हणाले. एका गाईला ११ हजार देणगी आणि ट्रॉलीभर कडबा मागितला. तिघींचे ३३ हजार. परत येताना मुलगा गाडीत म्हणाला, “डॉक्टर, विकायला गेलो होतो का हुंडा द्यायला?”

तिसरा पर्याय रात्रीचा होता. एका अनोळखी माणसाचा फोन आला. गाईला नऊ हजार रोख, तिन्ही एकदम घेईन, गोऱ्हे फुकट नेईन, गाडी रात्री एकनंतर, कागद काही नको. सत्तावीस हजार रुपये आणि रोजचे साडेचारशे वाचणार. मुलाचं मन झालं होतं, ते मी त्याला दोष म्हणून सांगत नाही. त्या महिन्यात त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद होता.

नकार सूनबाईनं दिला. गाईच्या कानातला पिवळा बिल्ला तिनं बोटात धरून दाखवला. “हा बारा आकडी नंबर माझ्या नावावर हाय. दुधाच्या अनुदानाच्या येळी मीच आधार देऊन जोडला. गाडी पकडली तर तो माणूस पळून जाईल. नंबर माझ्या दारात येईल.” जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायला मनाई आहे, आणि २०२४ मध्ये लिटरमागं पाचाचं, मग सातचं अनुदान मिळवायलाही हाच नंबर लागला. अनुदानासाठी कानात अडकवलेला बिल्ला असा पुढं साक्षीदार होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. कत्तलबंदीवरच्या चर्चेत ही गोष्ट कुणी मांडताना मी ऐकलेली नाही, पण गोठ्यात वागणूक बदलली ती या प्लास्टिकच्या तुकड्यानं.

चौथा पर्याय गाई कमी करून म्हशीकडं वळण्याचा. याच्या बाजूनं बरंच काही होतं. फॅट जास्त, सिन्नरच्या कामगार वसाहतींत घरपोच म्हशीच्या दुधाला गिऱ्हाईक आणि शेवटी जनावर विकण्याची कायदेशीर वाट. पण चांगली मुऱ्हा जातीची म्हैस लाखाच्या पुढं. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, म्हणजे दिसून येत नाही, दोन वेतांमधलं अंतर लांबतं. शिवाय शेखभाई नुकतेच सांगून गेले होते की म्हशीही भरत नाही. कायदेशीर वाट कागदावर असणं आणि रस्त्यावर असणं यातलं अंतर त्या जुलैत चांगलंच दिसलं.

पाचवा पर्याय मी मांडला आणि त्यासाठी मला आधी स्वतःची चूक कबूल करावी लागली. तिघींपैकी खरी भाकड कोण? थोरली. मोरी उलटत होती, पण ती का उलटते हे मी नीट तपासलंच नव्हतं. तीन वेळा रेतन करून तिन्ही वेळा “पुढच्या माजाला बघू” म्हणालो होतो. चांदी तर वेळेवर माजावर येत होती. दोन सडांची गाय कशाला भरवायची, म्हणून कुणी भरवलीच नाही. घेणारा दारात असताना ‘भाकड’ हा शब्द आम्ही फार सहज वापरत होतो. आता त्या शब्दाचे रोज १३० रुपये पडत होते.

एक प्रसंग सांगतो. याच चर्चेत मुलानं मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. तिथले दूधवाले आपल्या होल्स्टिन गाईंना मांसाच्या जातीचं, अँगसचं वीर्य भरवतात आणि तो संकरित गोऱ्हा जन्मल्या आठवड्यात चढ्या भावानं विकला जातो. दुष्काळ आणि वाढत्या खर्चामुळं तिथं लोकांनी गाई काढून टाकल्या. १ जानेवारी २०२५ ला एकूण जनावरं ८ कोटी ६७ लाख, म्हणजे तोवर १९५१ नंतरची सगळ्यात कमी, म्हणून वासराला सोन्याचा भाव. तात्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. म्हणाले, “आन् आपल्याकडं गोऱ्हा झाला की घरात सुतक.”

काय केलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं. रात्रीच्या गाडीला नकार. थोरली घरीच राहणार. यावर तात्यांनी चर्चा होऊ दिली नाही. मोरी आणि चांदीला सहा महिने द्यायचे, त्यानंतर पुन्हा वही उघडायची.

मोरीचा माजाचा सोट (चिकट स्राव) गढूळ येत होता. नमुना प्रयोगशाळेत पाठवला, गर्भाशयाला संसर्ग निघाला. चाचणीत लागू पडलेलं प्रतिजैविक दिलं, एक माज रिकामा सोडला, खनिज मिश्रण सुरू केलं. पुढचा माज सूनबाईनं सकाळी सहाला पाहिला, संध्याकाळी रेतन केलं. आधीची तीन रेतनं आम्ही दूध घालून आल्यावर, सवडीनं केली होती, हेही लिहून ठेवतो. चांदीला लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरली. साध्या मात्रेपेक्षा महाग, गाभण राहण्याचं प्रमाणही थोडं कमी, पण राहिली तर दहात नऊ वेळा कालवड. दोन सडांच्या गाईवर एवढा खर्च करायचा का, यावरून बाप-लेकात खटका उडाला. माझं म्हणणं होतं की गोठ्यात एकही कालवड नाही, आणि चांदीच्या रक्ताला दूध आहे. सड गेले ते दगडीनं.

गोऱ्ह्यांसाठी मी इगतपुरीकडं विचारणा केली. भातखाचरात बैल लागतो, पण त्या मुसळधार पावसात चालतो डांगी. तेलकट कातडीचा, कडक खुराचा. घोटीच्या बाजारात लोक त्यासाठीच येतात. बिनवशिंडाचा एचएफ गोऱ्हा तिथं फुकटही कुणी घेईना.

काय झालं

धाकटा गोऱ्हा श्रावणात हगवणीनं गेला. मी सलाइन लावलं, उशीर झाला होता. रोगाचं नाव मी नोंदवहीत लिहिलं आहे, पण त्याला दूध पुरेसं मिळत नव्हतं हे मला माहीत होतं आणि घरच्यांनाही. संकरित नर वासराचं असं मरण गावोगाव होतं. त्याची नोंद कुठं होत नाही आणि त्यावर कुणी गाडीही अडवत नाही.

चांदी पहिल्याच रेतनाला राहिली. मोरी दुसऱ्या प्रयत्नात. ऑगस्टमध्ये सरकारशी बैठका झाल्या, पोळ्यानंतर बाजार हळूहळू हलू लागले, पण शेखभाई परतले ते फक्त म्हशींसाठी. “गाईचं नाव काढू नका,” म्हणाले. डिसेंबरात चांदी साडेचार महिन्यांची गाभण असताना सिन्नरच्या बाजारात नेली. दोन सड गेलेत, हे तोंडानं सांगितलं आणि पावतीवरही लिहिलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका घरानं घरच्या दुधासाठी २२ हजारांना घेतली. बिल्ल्याचा नंबर त्यांच्या नावावर चढेपर्यंत सूनबाई बाजारातून हलली नाही.

दसऱ्याला एक म्हैस आली, कर्ज काढून, एक लाख पाच हजारांना. तिचं दूध मुलगा कामावर जाताना वसाहतीतल्या आठ घरांना ७० रुपयांनी घालतो. दोघी आटवलेल्या गाई वेल्या, त्यामुळं रोजचा तोटा ऑक्टोबरातच मिटला होता. तो माझ्या सल्ल्यानं मिटला असं मी म्हणणार नाही.

थोरली जानेवारीत गेली. पूर्वी मेलेलं ढोर न्यायला माणूस यायचा. आता कुणी येत नाही, कातड्यालाही विचारत नाही. जेसीबी बोलावून बांधाच्या कडेला खड्डा घेतला, मीठ-चुना टाकला, अडीच हजार गेले. तात्यांनी तिच्या गळ्यातली घंटी काढून म्हशीला बांधली नाही, खुंटीला टांगली.

निव्वळ पैशात बघायचं तर सहा महिन्यांत तिघींच्या चाऱ्याला सत्तर हजारांच्या आसपास गेले, औषधपाणी आणि रेतनाला ६,४००. रात्रीच्या गाडीचे सत्तावीस हजार सोडले. आले २२ हजार. मोरी वेली तर पुढं काही भरून निघेल. तात्या अजून अधूनमधून ही बेरीज मला ऐकवतात आणि बेरीज बरोबर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चांदीचा निर्णय जुलैत नव्हे, तिला गाभण असताना आटवलं तेव्हा घ्यायचा होता. आटवताना चारही सडांत औषध सोडलं असतं तर दगडी बहुधा टळली असती. खर्च चार-पाचशे रुपये. मी सुचवलं होतं, पण आग्रह धरला नाही.

मोरीच्या बाबतीत दुसऱ्यांदा उलटली तेव्हाच तपासणी व्हायला हवी होती. यात दोष पूर्ण माझा.

तिसरी गोष्ट वादाची आहे. मी आता सगळ्यांना सांगतो की चौथ्या वेतानंतर, गाय गाभण आणि धड असतानाच ती दुसऱ्या शेतकऱ्याला विका. शेवटच्या घेणाऱ्यावर विसंबू नका. सूनबाईचा यावर आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. “म्हणजे भाकड गाय आपल्या दारात नको, दुसऱ्याच्या दारात चालंल,” ती म्हणाली. चांदी ज्या घरी गेली तेही तीन वर्षांनी इथंच येऊन उभे राहणार. एका गोठ्यापुरता हा सल्ला बरोबर आहे. सगळ्या तालुक्यानं तो पाळला तर चौथ्या वेताच्या गाईचाही भाव पडेल.

त्याची चिन्हं आकड्यांत आधीपासून आहेत. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातला गोवंश २०१२ च्या मानानं सुमारे दहा टक्क्यांनी घटला. देशभर नर जनावरं झपाट्यानं कमी झाली, माद्या वाढल्या. बैलाची जागा ट्रॅक्टरनं घेतली हे कारण आहेच. पण बाहेर पडायची वाट अरुंद झाली की माणूस आत यायलाही कचरतो, हे मी चार गावांत पाहतो. लिंगवर्गीकृत मात्रेला मागणी वाढते आहे ती दुधासाठी जितकी, तितकीच गोऱ्हा नको म्हणून.

म्हशीच्या बाबतीत मी सावध होतो आणि अजून आहे. एक म्हैस ठीक. पाच घेऊन निर्यातीच्या भरवशावर बसायचं तर नाशिकच्या बाहेर काय चाललंय यावर डोळा ठेवावा लागेल. २०१४-१५ मध्ये ही निर्यात ४.७८ अब्ज डॉलरपर्यंत गेली होती आणि नंतर खाली आली. परदेशातल्या बाजारांच्या चढउताराचा झटका शेवटी मालेगावच्या बाजारातल्या रेड्याच्या भावाला बसतो.

मोठा गोऱ्हा अजून गोठ्यात आहे. पंधरा महिन्यांचा झाला. गेल्या आठवड्यात मी मोरीला तपासायला गेलो तेव्हा मुलगा त्याला औताची सवय लावत होता. वशिंड नाही म्हणून जू मागं सरकत होतं. तात्या बांधावरून ओरडत होते, “आरं, फडकं गुंडाळ जुवाला, फडकं!”